डीजेले वर्गणी, गळ्याले चहा

गड्यांनो, प्रस्तावना लिहाले मले वेळ नाही. रात्रपाळी करून आलो आहे. नाकात कापसाची धूळ आहे आणि डोकं फिरलेलं आहे. म्हणून सरळच सुरू करतो.

मी सूतगिरणीत कामाला आहे. दहावीनंतर शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, हा वाद जुना. पुढं जे काही शिकलो ते जुन्या पुस्तकांतून आणि पाळीवरच्या माणसांकडून. कविता करतो. आम्ही सहा जण गाण्याचा एक संच चालवतो. शहरातले त्याला बॅन्ड म्हणतात, आमच्या कारंज्यात 'पार्टी' म्हणतात. एक ढोलकी, एक खंजिरी, एक डफडं, हप्त्यानं घेतलेली गिटार आणि एक पेटी, जिचा एक सूर मुका आहे. गाणी आमचीच, चाली आमच्याच. मालक कोणी नाही.

मागच्या चौदा एप्रिलची गोष्ट. वर्गणी गोळा झाली. रोजानं निंदाले जाणाऱ्या बायांनी दिली, संत्र्याच्या बागेत ओझं वाहणाऱ्यांनी दिली. डीजेचं भाडं पाच आकडी ठरलं. आम्ही विचारलं, आमचं काय? उत्तर आलं, "तुम्ही त आपलेच पोरं. आपल्याले कायचे पैसे? चहा घ्या, दोन गाणे म्हणा." ती दोन गाणीही झाली नाहीत. ट्रकवरचे डबे सुरू झाले, आमची ढोलकी आम्हालेच ऐकू येईना. बाबासाहेबांचं नाव तेवढं कानावर येत होतं. बाबासाहेब काय म्हणाले, ते कोणाच्याच कानात शिरलं नाही.

नाचणाऱ्या पायांशी माझं भांडण नाही. ज्या पायांना गावातल्या वाटा बंद होत्या, ते भररस्त्यात नाचले तर मला आनंदच आहे. माझं भांडण गळा बंद करण्याशी आहे.

आपल्या तोंडाचा इतिहास ठाऊक आहे का? मुंबईच्या कापड गिरण्यांत आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातून सूत तोंडानं ओढावं लागे, आणि आपल्या तोंडाचा विटाळ! त्या खात्यात पगार जास्त, म्हणून बंदीही पक्की. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. ज्या तोंडानं सूत ओढू दिलं नाही, त्याच तोंडानं आपण जलसा उभा केला. १९३०चा काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, त्या काळात नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसे गाजवले. त्यांच्या आधी सत्यशोधकांचे जलसे होतेच. तमाशाचा सांगाडा तोच, आतला माल बदलला. सभेला न येणारा माणूस जलशाला येत होता, आणि घरी जाताना विचार घेऊन जात होता.

पुढं वामनदादा कर्डक. १९२२ साली देशवंडीत जन्म. मोठेपणी अक्षर शिकले. २००४ साली गेले तोवर गावोगाव गात फिरले. विठ्ठल उमप २०१० साली नागपुरात दीक्षाभूमीच्या मंचावरच कोसळले आणि गेले. ही आपली परंपरा. तिला आपण काय देतो? एक चहा. तोही अर्धा कप.

आता दुसऱ्यांना पुरे झालं, स्वतःकडं वळतो. आमच्या पार्टीलाही रोग झाला होता. मोबाइलवर गाणं टाकलं, हजार जणांनी पाहिलं, आम्ही हवेत. नागपूर बोलावील, पुणे बोलावील, म्हणून हायवेकडं डोळे लावून बसलो. पण आमच्या वस्तीतल्या म्हातारीनं ते गाणं ऐकलंच नव्हतं. ती म्हणाली, "काऊन रे, तुम्ही गाता म्हन्ता, मंग आमाले काऊन नाही आयकू येत?" बाप्पा! सगळ्या आकड्यांचं पाणी झालं.

याच हायवेवर अमरावतीकडं मोझरी आहे. तुकडोजी महाराजांचा मार्ग वेगळा, आपला वेगळा. भजनं आपण गाणार नाही. पण एक खंजिरी घेऊन ते गावोगाव गेले, हे शिकण्यासारखं आहे. मद्रासकडं पाहा. तिथं २०१८च्या जानेवारीत 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' मंचावर आला आणि मोठी गर्दी जमली. त्यांच्या गाण्याचं मूळ गाना. उत्तर मद्रासच्या वस्त्यांत मयताच्या रात्री गायला जाणारा हा प्रकार. म्हणजे कान वस्तीत आधीच तयार होते. श्रोता दुकानात भेटत नाही, तो घरी जाऊन कमवावा लागतो.

म्हणून आम्ही शनिवारी एक वस्ती धरली. माइक नाही, बॅनर नाही. पहिल्या खेपेला अकरा माणसं, त्यात चार लेकरं. गाणी झाल्यावर आम्ही गप्प बसलो आणि म्हटलं, आता तुम्ही सांगा. एका बाईनं कापसाच्या वजनात कशी मारतात ते सांगितलं. पुढच्या खेपेला तिचं गाणं करून नेलं. तिनं अख्खी गल्ली उठवून आणली. गाण्यांची चार पानी चोपडी दहा रुपयाला ठेवली, झोळी फिरवली, आणि जमा-खर्च तिथंच मोठ्यानं वाचला. लोक हसले, पण पुढच्या वेळी झोळी जड झाली.

तेवढ्यात एका पुढाऱ्याचा माणूस आला. म्हणाला, सगळा साउंड देतो, फक्त एका कडव्यात साहेबांचं नाव टाका. मी नाही म्हटलं. आमचा ढोलकीवाला रात्री मला म्हणाला, "तुह्यं बरोबर हाये. पण माह्या बापाच्या दवाखान्याचं काय? तत्त्वाची भाकर होत नाही राजा." आता तो लग्नाच्या बॅन्डमध्ये वाजवतो.

त्याला गद्दार म्हणू का? म्हणणार नाही. त्याला पुढाऱ्यानं विकत घेतलं नाही, आपण फुकट सोडून दिलं. पोटाला न देणारा समाज पोरांच्या निष्ठेचा हिशेब मागतो कोणत्या तोंडानं?

तर माझं मागणं साधं आहे. येत्या एप्रिलच्या वर्गणीतले शंभरातले वीस रुपये गाणाऱ्यांना द्या. दान म्हणून नको, मजुरी म्हणून द्या. मिरवणूक संपल्यावर एक तास डबे बंद ठेवा आणि खाली बसून ऐका. गाणं वाईट असेल तर तोंडावर सांगा, आम्ही दुरुस्त करू. आणि गाणाऱ्यांनो, तुम्ही हायवेकडं पाठ करून आधी स्वतःच्या गल्लीत गा.

शनिवारी आम्ही पाच जण पुन्हा जाणार आहोत. ढोलकी कोणाला येत असेल तर या. नाही आली तर टाळी वाजवा. तेवढ्यावर गाणं चालतं.