जिन्याचा झाडू आणि मताची किंमत

ज्याच्या हातीं झाडू, त्याच्याकडूनच हिशेब घ्यावा, हा न्याय आमच्या घरांतील बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. राज्यकारभारांत मात्र तो क्वचितच चालतो. सिंगापूर या नगरराज्यानें तो कायद्यांत घातला आहे. तेथील व्यवस्थेंत घेण्यासारखें काय व टाकण्यासारखें काय, हें आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनीं पारखून पाहावें.

तेथें बहुतेक लोक सरकारनें बांधलेल्या उंच इमारतींत राहतात. त्या इमारतींचे जिने, दिवे, लिफ्ट व आवार यांची निगा टाउन कौन्सिल राखतें. १९८८ सालीं तसा कायदा झाला. निराळी म्युनिसिपालिटी नाहीं, निराळी निवडणूकही नाहीं. पार्लमेंटांत निवडून गेलेले सभासदच टाउन कौन्सिल चालवितात. रहिवासी दरमहा पट्टी भरतात आणि तिचा कांहीं भाग पुढील मोठ्या दुरुस्तीसाठीं राखून ठेवावा लागतो. लिफ्ट बंद पडली तर कोणाच्या दारीं जावें, हें तेथील मतदाराला विचारावें लागत नाहीं. एवढें घेण्यासारखें आहे.

पण तोच झाडू सत्ताधाऱ्यांनीं धाक म्हणूनही उगारला. १९९७ च्या निवडणुकींत पंतप्रधान गोह चोक टोंग यांनीं इमारतींच्या सुधारणेचा क्रम त्या त्या वस्तीच्या मतांशीं जोडला. आम्ही विचारतों, कर सर्वांनीं भरावा आणि दुरुस्ती मात्र बक्षीस म्हणून मिळावी, हा कोठला न्याय?

दुसरी गोष्ट गटमतदारसंघांची. त्याही १९८८ सालींच आल्या. सिंगापुरांत चिनी लोक सुमारें तीन चतुर्थांश; मलायी, हिंदी वगैरे लोक थोडे. त्यांना पार्लमेंटांत जागा मिळावी म्हणून उमेदवारांचा गट उभा करावयाचा आणि त्यांत निदान एक जण अल्पसंख्याकांपैकीं असावयाचा. हेतु चांगला. पण मत एकेका माणसास नाहीं, सबंध गटास! गट जिंकला कीं सारे आंत, हरला कीं सारे बाहेर. २०२५ मध्यें ९७ पैकीं ८२ जागा अशा १८ गटमतदारसंघांतून भरल्या. त्यांतील एका ठिकाणीं विरोधी गटच उभा न राहिल्यानें लोकांना मत द्यावयासच मिळालें नाहीं.

वाचकहो, येथें नीट लक्ष द्या. मलायी सभासद हलीमा याकूब २०१७ सालीं अध्यक्षपदासाठीं राजीनामा देऊन गेल्या; त्यांच्या जागीं पोटनिवडणूक झाली नाहीं. २०२० पर्यंत जागा रिकामी राहिली. ज्या जागेसाठीं गटाचा खटाटोप, तीच रिकामी, आणि गट मात्र शाबूत!

आमच्या चळवळीला हा प्रश्न नवा नाहीं. १९१९ च्या सुधारणांत मुंबई इलाख्याच्या कायदेकौन्सिलांत मराठे व तत्सम जातींसाठीं सात जागा राखून ठेवल्या होत्या. त्याही एकाहून अधिक सभासदांच्या मतदारसंघांतच होत्या. पण तेथें मत माणसास पडत असे, गठ्ठ्यास नाहीं. राखीव जागेवरील माणूस मतदारांच्या पायावर उभा असला तरच तो त्यांच्यासाठीं बोलेल. पुढाऱ्याच्या खांद्यावर बसून गेलेला माणूस खांदा हलेल या भीतीनें गप्प बसतो.

मतदार जागा असला तर गठ्ठाही उलटतो, हें खरें. २०११ सालीं अल्जुनीद येथें वर्कर्स पार्टीनें पांचही जागा जिंकल्या. परराष्ट्रमंत्री जॉर्ज यो यांनाही घरीं बसावें लागलें. पण एका शहाण्या माणसास हवें म्हणून चौघांना डोळे मिटून घ्यावें, किंवा एका नालायकास काढण्यासाठीं चौघां चांगल्यांस गमवावें, अशी पाळी मतदारावर कां यावी?

आमच्याकडील मोठ्या शहरांतही एका प्रभागांत तीन-चार नगरसेवक असतात. सुदैवानें येथें प्रत्येक जागेचें मत निराळें आहे. तें निराळेंच वापरा. "चारही बटणें आमचींच दाबा" म्हणून कोणी सांगत आला, तर चौघांचीं नांवें व कामें निरनिराळीं विचारा. गटार कोणाचें, दिवा कोणाचा, पैसा कोठें गेला, हेंही विचारा. बैल घेतांना आम्ही प्रत्येकाचे दांत पाहतों. प्रतिनिधि घेतांना कळप कां घ्यावा?