आईच्या ताटावर बंदी नको, खाडीतल्या पाऱ्याचा हिशोब द्या!

न्हावा, शेवा, गव्हाण, हनुमान कोळीवाडा आणि उरणच्या बंधू-भगिनींनो,

घरातली सून गरोदर राहिली की घोळीची, जिताड्याची मधली तुकडी तिच्याच ताटात पडते. बाळंत झाली की दूध यावं म्हणून मुशीचं कालवण. ही आपली माया. पण अशाच मोठ्या माशांतून पारा पोटातल्या बाळापर्यंत पोचतो, हे आपल्या लेकी-सुनांना कुणी नीट सांगत नाही.

कोळशाच्या धुरातून, कारखान्यांच्या सांडपाण्यातून आलेला पारा चिखलात बसतो. तिथले जीवाणू त्याचा मिथिल पारा करतात. तो बारीक जिवांत, मग लहान माशांत आणि शेवटी मोठ्या शिकारी माशांत साठत जातो. तो मांसातच असतो. कितीही धुवा, कोकम लावा, तळा, उकळा, जात नाही. आईच्या रक्तातून वार ओलांडून तो बाळात शिरतो आणि घडत्या मेंदूवर घाव घालतो.

जपानमधल्या मिनामाता इथे चिस्सो कारखान्याने खाडीत पारा सोडला. १९५६ साली आजार उघडकीस आला. ज्या आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, त्यांच्या पोटी लुळी, बोलू न शकणारी मुलं जन्मली. तिकडे बाळाची सुकलेली नाळ घरात जपून ठेवतात. डॉ. मासाझुमी हारादा यांनी त्या नाळा मिळवून तपासल्या, आणि त्यांत पारा निघाला. तरीही कारखान्याला जबाबदार धरायला सरकारला १९६८ साल उजाडलं.

म्हणून मासेच सोडायचे का? मुळीच नाही. फॅरो बेटांवर पायलट व्हेलचं पारा साठलेलं मांस खाणाऱ्या आयांच्या मुलांत सातव्या वर्षी भाषा, लक्ष आणि स्मरणशक्ती कमी पडलेली दिसली. पण सेशेल्स बेटांवर जवळपास रोज समुद्रातले मासे खाणाऱ्या आयांच्या मुलांत तसं ठोस नुकसान आढळलं नाही. बाळाच्या मेंदूला माशातलं ओमेगा-३ हवंच. प्रश्न आहे तो कोणता मासा आणि कुठल्या पाण्यातला, हा.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी मुशी टाळावी. घोळ, जिताडा, मोठी सुरमई क्वचितच खावी. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन सुरमईच्या कुळातला किंग मॅकरेल गरोदरपणी वर्ज्यच सांगतं. बाहेरच्या समुद्रातली मांदेली, तारली, बांगडा, कोलंबी खुशाल खावी.

पण खाडीतल्या निवटीचं, कालवांचं, बोईटाचं काय? ती खाडीच्या चिखलात आणि पाण्यातच वाढतात. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी उल्हास नदीच्या खाडीतल्या गाळात कॉस्टिक सोडा कारखान्यांच्या पाऱ्याचे थर नोंदवले आहेत. ती नदी ठाणे खाडीला जोडलेली आहे, आणि त्या खाडीच्या तोंडाशी आपण राहतो. १९८९ साली इथे न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. जहाजांची वाट खोल ठेवायला गाळ उपसला जातो. जो गाळ ढवळतो, त्याने त्या गाळात काय आहे हे आपल्याला सांगितलंच पाहिजे. भारताने २०१८ साली मिनामाता करार मान्य केला. धोक्यातल्या लोकांना जपण्याची आणि माहिती देण्याची कलमं त्यात आहेत. ती दिल्लीच्या फायलीत राहून आपल्या बाळांचं रक्षण होणार नाही.

आमच्या मागण्या:

१. न्हावा, मोरा आणि करंजा इथली मासळी, कालवं आणि गाळ दरवर्षी पाऱ्यासाठी तपासा. निकाल माशाच्या नावानिशी, मराठीत, बंदरावर आणि बाजारात लावा.

२. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी होते. तिथेच कोणता मासा किती खावा, हे सांगा. आशाताईंना तसं प्रशिक्षण द्या.

३. कोळीवाड्यांतल्या इच्छुक गरोदर बायांच्या केसांतला पारा मोफत तपासा.

४. गाळ उपसण्याआधी त्यातल्या पाऱ्याचा अहवाल ग्रामसभेपुढे ठेवा.

जमिनी गेल्या, मासेमारीच्या जागा गेल्या. आता पोटातल्या पोरांच्या बुद्धीवर घाला आम्ही सोसणार नाही. पुढच्या ग्रामसभेत हे पत्रक हातात घेऊन या, या मागण्यांचा ठराव मांडा आणि तो मंजूर झाल्याशिवाय उठू नका. बायांनी पुढे बसावं. हा प्रश्न आधी त्यांचा आहे.