मीठ कुठे ठेवायचं?

खारपाणपट्ट्यातल्या पंपांबद्दल मागे लिहिलं, तेव्हा काहींनी मला विकासाचा वैरी ठरवलं. या आठवड्यात भातकुलीच्या रस्त्यावर नवा फलक पाहिला : हसरा सूर्य, खाली सौरपंप, पाइपातून धो धो पाणी. पाणी गोडं की खारं, हे काही फलकावर नाही.

आणि सूर्याला पाणी उचलायला आपण शिकवायचं, हा केवढा तोरा! पृथ्वीवर येणाऱ्या सौरऊर्जेतला जवळपास पाव हिस्सा पाण्याची वाफ करण्यातच जातो. एका लिटरला सुमारे ०.६८ युनिट. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चार हजार लिटर पाणी, म्हणजेच साधारण २,७०० युनिट. ५ अश्वशक्तीच्या पंपाचं पॅनल दिवसाला वीसेक युनिट देतं. करा हिशेब! ज्या भुरभुरीला आपण पाऊस म्हणतही नाही, तिच्यापायी सूर्यानं त्या पॅनलची चार-साडेचार महिन्यांची कमाई खर्ची घातलेली असते. शिवाय पाणी उचलताना मीठ तो समुद्रातच ठेवून येतो.

आपण काय करतो? बोअरचं खारं पाणी उपसून काळ्या भारी रानात सोडतो. पूर्णेच्या खोऱ्यातली ही माती पाणी खाली जाऊ देत नाही. मग ऊन पाणी तेवढं उचलून नेतं, मीठ रानातच राहतं आणि जमीन चोपण होते. सूर्य तोच, कामही तेच. काहून बापा, समुद्राचं काम शेतावर कशाला लादता?

ज्वारी असती तर थोडं तरी निभावलं असतं. उन्हाला आणि खाराला ती सोयाबीनपेक्षा धीट. पण ज्वारी पेरणाऱ्याच्या पोराला हल्ली सोयरीकही येत नसावी. (पुरावा मागू नका.)

सौरपंपाशी माझं भांडण नाही. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याला १० टक्केच भरावे लागतात, घ्यावाच. फक्त तो शेततळ्यावर बसवा. जी माती रानात पाणी तुंबवते, तीच तळ्याच्या बुडाशी कामाला येते. आणि सरकारनं बोअरवरच्या पंपासाठी सातबाऱ्यासोबत पाण्याचा तपासणी अहवालही मागावा. एवढे कागद गोळा करतोच आपण, त्यात आणखी एक.