९१चं दुखणं आणि २३४चा प्रश्न





"अमेरिकेचा कोड १ आणि आपला ९१. गोऱ्यांनी पंगत मांडली आणि आपल्याला शेवटी बसवलं!" हे वाक्य मी इथल्या मराठी घरांत इतक्या वेळा ऐकलं आहे की आता त्यावर लिहावंच म्हटलं. बोलणारे बहुधा इंजिनिअर असतात, म्हणून जास्तच आश्चर्य वाटतं.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या सीसीआयटीटी या समितीने १९६० साली युरोप आणि भूमध्य समुद्राभोवतालच्या देशांपुरती कोडची यादी केली. १९६४ साली ती साऱ्या जगासाठी वाढवली. जगाचे नऊ विभाग पाडले आणि कोडचा पहिला अंक विभागाचा ठरला. नवव्या विभागात तुर्कस्तान ९०, भारत ९१, पाकिस्तान ९२, अफगाणिस्तान ९३, तेव्हाचं सिलोन ९४. यात मानापमान कुठे आला? महाराष्ट्राचे पिनकोड ४ने आणि दिल्लीचे १ने सुरू होतात, म्हणून आपण कधी रुसलो नाही.

लहान-मोठेपणा पाहायचाच तर तो कोड किती अंकी आहे यात पाहा. पूर्ण नंबर ठराविक अंकांपेक्षा लांब होऊन चालत नव्हतं, कारण त्या काळच्या यांत्रिक एक्स्चेंजना तो पेलला पाहिजे. तेव्हा ज्या देशात फोन जास्त आहेत किंवा होतील असा अंदाज, त्याचे अंतर्गत नंबर लांब, म्हणून त्याला कोड आखूड. आपल्याकडे तेव्हा फोनसाठी वर्षानुवर्षं यादीत थांबावं लागे, तरी आपल्याला दोनच अंकांचा कोड मिळाला. म्हणजे आपण पंगतीत पुढेच बसलो होतो!

मागे कोण बसलं ते पाहायला आफ्रिकेत जावं लागेल. त्या अख्ख्या खंडात दोन अंकी कोड फक्त दोन देशांना आहेत: इजिप्त २० आणि दक्षिण आफ्रिका २७. लोकसंख्येने आफ्रिकेत सर्वांत मोठा असलेला नायजेरिया २३४. केनिया २५४. ज्या वर्षी ही यादी ठरली, त्याच १९६४ साली दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने मंडेलांना जन्मठेपेवर पाठवलं. समितीने त्या राजवटीला बक्षीस दिलं असं मी म्हणत नाही. तिने माणसांऐवजी फोन मोजले, एवढंच. आणि दक्षिण आफ्रिकेत फोन होते मुख्यतः गोऱ्यांच्या घरी.

"पण हे तर निव्वळ गणित आहे," असं कोणी म्हणेल. गणित बरोबरच आहे. मात्र ज्याच्याकडे आधीच आहे त्याला अधिक देणारं गणित आपण महाराष्ट्रात 'गुणवत्ता' या नावाने चांगलं ओळखतो. युरोपने तर १९६० पासूनचे आपले बहुतेक आकडे टिकवून ३ आणि ४ असे दोन विभाग घेतले. सगळ्या आफ्रिकेला एक पुरला, आणि त्यातही पुढे डेन्मार्कच्या ग्रीनलंडला २९९ देऊन सोय केली!

शिवाय १ हा कोड एकट्या अमेरिकेचा नाहीच. तिथल्या टेलिफोन कंपन्यांनी १९४७ पासून आखलेल्या नंबर-योजनेत कॅनडा आहे, जमैका आहे, त्रिनिदाद आहे. जमैका १९६२ला स्वतंत्र झाला, पण या योजनेतच राहिला. त्याचा ८७६ने सुरू होणारा नंबर इथे बसून फिरवला तर देशातलाच वाटतो, बिल मात्र परदेशाचं येतं. १ची चैन हवी असणाऱ्यांनी हा अनुभव जरूर घ्यावा.

आणि आजही ज्यांना ही यादी जाचते, त्यांचं नाव आपल्या गप्पांत निघत नाही. कोसोवोने २००८ साली स्वातंत्र्य जाहीर केलं. संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व नाही, म्हणून स्वतःचा कोड नाही. लोक सर्बियाचा ३८१, मोनॅकोचा ३७७ आणि स्लोव्हेनियाचा ३८६ उसने घेऊन बोलत राहिले. २०१५ला ब्रुसेल्समध्ये सर्बियाशी समझोता झाला, तेव्हा कुठे डिसेंबर २०१६ मध्ये ३८३ मिळाला. उलट दक्षिण सुदान जुलै २०११ मध्ये स्वतंत्र झाला, त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि त्याच वर्षी २११ घेऊन मोकळा झाला. फरक फोनच्या तारांत नव्हता, सदस्यत्वात होता.

पश्चिम सहाराची गोष्ट याहून कठीण. १९७५ला स्पेन निघाला आणि मोरोक्को आत शिरला. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत तो आजही स्वशासन न मिळालेला प्रदेश आहे. तिथल्या लायून शहरात कोणाला फोन लावायचा तर आधी २१२ फिरवावा लागतो, म्हणजे मोरोक्कोचा कोड.