चित्रगुप्ताची वही

माणसाच्या नावावर त्याला न विचारता लिहिले जाते आणि ते त्याला खोडता येत नाही, अशा दोन वह्या आपल्याकडे आहेत. एक यमाच्या दरबारात चित्रगुप्तापाशी असते, दुसरी इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात. पहिलीत चूक होत नाही असे पुराणे सांगतात. दुसरीत चूक होत नाही असे रेकॉर्ड विभागातला कारकून सांगतो, आणि आपण तेही पुराणासारखे हात जोडून ऐकून घेतो.

सणासुदीला हा विषय काढला म्हणून कोणी नाक मुरडील. पण आज ज्या घरात अनारसे कोणाला चालतात आणि कोणाला फक्त बघायचे आहेत याचा वाद होतो, त्या घरच्या कपाटात इस्पितळाच्या कागदांची एक पिशवी असतेच. ती काढून वाचा असे मी म्हटले असते. पण वाचणार कसे? कागद इंग्रजीत, त्यातले निम्मे आद्याक्षरांत, आणि अक्षर असे की आमच्या चौथीतल्या पोराने काढले असते तर मी त्याला पुन्हा लिहायला बसवले असते. ज्याच्या देहाविषयी हे सारे लिहिले त्याला ते वाचता येऊ नये, ही पहिली गंमत. वाचता आले आणि चूक सापडली, तर पुढे काय, ही दुसरी. ती मात्र गंमत नव्हे.

आमच्या शाळेतले एक निवृत्त चित्रकला शिक्षक. सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. छातीत कळ आली म्हणून रात्री त्यांना एका खाजगी इस्पितळात नेले. तिथल्या तरुण डॉक्टराने विचारले, "साखरेचा त्रास कधीपासून?" काकू म्हणाल्या, "दहा महिने झाले गोळी सुरू आहे." कागदावर उतरले, दहा वर्षे. गुरुजी बरे होऊन घरी आले. विम्याचे पैसे मात्र आले नाहीत. पॉलिसी चार वर्षांची, आजार दहा वर्षांचा, म्हणजे पॉलिसी घेताना म्हाताऱ्याने आजार लपवला! ज्या माणसाने उभ्या आयुष्यात शाळेचा एक खडू घरी नेला नाही, तो एका शब्दाने लबाड ठरला.

काकू इस्पितळात गेल्या. कारकून म्हणाला, "आजी, एकदा लिहिले की बदलता येत नाही. कायदेशीर कागद आहे तो." काकूंनी दहा महिन्यांपूर्वीचा रक्ताचा रिपोर्ट आणि पहिल्या गोळीची चिठ्ठी पुढे केली. त्याने त्याकडे पाहिलेही नाही. तीन खेपा झाल्या. चौथ्या वेळी उपचार करणारे मोठे डॉक्टर जिन्यात भेटले. त्या भल्या माणसाने सगळे ऐकून पाच मिनिटांत पत्र लिहून दिले, की नोंदीत चूक झाली आहे, आजार दहा महिन्यांचाच आहे. कंपनीने उत्तर पाठवले की हे पत्र दावा नाकारल्यानंतरचे असल्याने विचारात घेता येत नाही. प्रकरण आता विमा लोकपालांकडे आहे.

आता या विम्याच्या व्यवहारातली खोच पाहा. २०२४ च्या नियमांनुसार सलग साठ महिने पॉलिसी चालली की आजार लपवल्याचे कारण कंपनीला पुढे करता येत नाही; लबाडी सिद्ध करून दाखवावी लागते. त्या साठ महिन्यांच्या आत मात्र इस्पितळाच्या कागदावरचा एकेक शब्द साक्षीदार असतो. असा साक्षीदार, ज्याची उलटतपासणी घ्यायची सोय नाही.

प्रश्न पैशाचाच असता तर मी एवढी शाई खर्च केली नसती. आमच्या गल्लीतल्या एका माळकऱ्याच्या कागदावर 'मद्यपान करतो' असे लिहिलेले आहे. मुलाने सांगितले होते, "जेवणानंतर आसव घेतात." तो द्राक्षासवाविषयी बोलत होता. आसवात आंबवण्यामुळे थोडे मद्यार्क तयार होते हे खरे. पण म्हणून चाळीस वर्षे वारी करणारा माणूस दारुडा? आता दर वेळी नवा डॉक्टर त्याच्या यकृताच्या तक्रारीकडे त्या एका शब्दाच्या चष्म्यातून पाहतो आणि 'सोडा ती आता' असा उपदेश करतो.

औषधांचेही तेच. अमेरिकेत दर शंभरांतल्या सुमारे दहा जणांच्या नावापुढे पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली असते. नीट तपासले तर त्यांतल्या दहापैकी नऊ जणांना ती नसतेच. लहानपणी अंगावर पुरळ आले, आई घाबरली, कोणीतरी लिहिले, आणि ते जन्मभर चिकटले. मग साध्या औषधाने बरे होणाऱ्या माणसाला अधिक जहाल आणि महाग औषध देतात. उलट, खरी ॲलर्जी लिहायची राहून गेली तर काय होईल ते सांगायला डॉक्टर नको.

मी पडलो मास्तर. आमच्या शाळेतही एक जाड वही असते, जनरल रजिस्टर. नाव घालायला आलेल्या बापाला पोराची जन्मतारीख आठवत नाही. तो 'पोळ्याच्या आसपास' असे सांगतो आणि आम्ही तारीख टाकतो. पुढे जन्माचा दाखला सापडतो. मग अर्ज करायचा, पुरावा जोडायचा, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी आणायची. त्यानंतर जुन्या नोंदीवर रेघ मारून नवी लिहायची आणि शेजारी आदेशाचा क्रमांक घालायचा. हेलपाटे पडतात, चपला झिजतात, पण वाट आहे. सातबारावरची चूकही तहसीलदारापुढे नेता येते. मग जमिनीच्या तुकड्याला जी दाद मिळते ती माणसाच्या काळजा-यकृताला का मिळू नये?

कायदा अगदीच झोपलेला आहे असे नाही. रुग्णाला त्याच्या कागदांची प्रत मिळाली पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षे जपावेत आणि मागितल्यास बहात्तर तासांत द्यावेत असे आहे. पण प्रतीत चूक निघाली तर काय, याविषयी त्यात अवाक्षर नाही. म्हणजे आरसा पाहायची परवानगी आहे. तोंडावर दुसऱ्याने फासलेले काजळ पुसायची नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा दुरुस्तीचा हक्क देतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि हा हक्क लागू होण्यास तेथून अठरा महिन्यांची मुदत ठेवली. शिवाय तो संगणकातल्या माहितीपुरता. वहीत आणि फायलीत राहिलेल्या केसपेपराला तो विचारत नाही.

अमेरिकेच्या इतर गोष्टींचे कौतुक करणारांनी तिथली ही एक गोष्ट उचलावी. तिथे रुग्णाने दुरुस्तीचा अर्ज केला की इस्पितळाला साठ दिवसांत निर्णय द्यावा लागतो; फार तर आणखी तीस दिवस घेता येतात. नकार द्यायचा तर कारणांसह लेखी. आणि नकार दिला तरी रुग्णाला आपले म्हणणे लिहून देता येते. पुढे वादाची नोंद कोणाला पाठवली तर तेही सोबत जाते. डॉक्टरांचे म्हणणे राहिले, रुग्णाचेही राहिले. कोणाचे आभाळ कोसळले?

'कायदेशीर कागद आहे, बदलता येत नाही' हे म्हणणारांना मी एवढेच विचारतो की, कायदेशीर आहे म्हणूनच तो खरा असायला नको काय? खाडाखोड करू नये, पांढरी शाई लावू नये, हे बरोबरच. पण दुरुस्तीची रीत वैद्यकात चांगली जुनी आहे. चुकीच्या शब्दावर एकच रेघ मारावी, खालचे वाचता आले पाहिजे. वर बरोबर शब्द लिहून तारीख, वेळ आणि सही करावी. नाहीतर स्वतंत्र पुरवणी जोडावी. डॉक्टरांना हे शिकवलेले असते. परिचारिकांना तर आपल्या तक्त्यावर रोज करावे लागते. ती रीत रुग्णाने मागितली की मात्र एकदम बेकायदा होते!

काही डॉक्टर म्हणतात, लोक खोटे सांगून सोयीच्या नोंदी करून घेतील. घेतीलही, लबाडांना आपल्याकडे तोटा नाही. म्हणूनच जुनी नोंद पुसायची नाही आणि पुरावा मागायचा. निदान आवडले नाही म्हणून ते बदला, असा हट्ट कोणी धरू नये. ते डॉक्टरांचे मत आहे आणि मत त्यांचेच राहिले पाहिजे. पण गोळी कधी सुरू झाली, कोणता पाय दुखतो, वय काय, दारू घेतो की नाही, ही मते नव्हेत. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांना वेळ नसतो, हेही मी मान्य करतो. छत्तीस छत्तीस तास जागून ती पोरे लिहितात. त्यांच्यावर माझा राग नाही. थकलेल्या माणसाची चूक पोसणाऱ्या व्यवस्थेवर आहे. कागद संगणकात गेल्यापासून तर जुना मजकूर उचलून नव्या पानावर ठेवायचा प्रघात पडला आहे, त्यामुळे चुकीला पाय फुटतात. २०२१ पासून आपल्याला चौदा आकडी आरोग्य क्रमांक मिळू लागले. त्या क्रमांकामागून आपले कागद गावोगावी जाऊ लागतील, तेव्हा 'दहा वर्षे' आणि 'मद्यपान'ही त्यांच्याबरोबर जातील.

तोवर घरच्यांनी एवढे करावे. रजा मिळायच्या दिवशी बिलाच्या रांगेत उभे राहण्याआधी डिस्चार्ज कार्ड हाती घ्यावे आणि डॉक्टरांना किंवा सिस्टरना म्हणावे, "यातले मराठीत वाचून दाखवा." किती दिवसांचा आजार, कोणती औषधे चालत नाहीत, सवयी कोणत्या लिहिल्या, हे तीन प्रश्न तरी विचारावेत. चूक निघाली तर तोंडी बोलून परतू नये. उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या नावे अर्ज द्यावा, पुराव्याची प्रत जोडावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यावी. विम्याकडे कागद जाण्याआधी हे झाले तर उत्तम.

आणि सरकारने व वैद्यक परिषदेने प्रत्येक केसपेपराला शेवटी एक पान जोडायचा हुकूम काढावा. त्यावर 'रुग्णाचे म्हणणे' एवढे दोनच शब्द छापावेत, खाली सही किंवा अंगठ्याला जागा ठेवावी, आणि कागदांची प्रत जिथे जाईल तिथे ते पानही गेले पाहिजे असे बजावावे. छपाईचा खर्च पानामागे काही पैसे येईल.