ठाण्यातून बोलावणं आलं तर

मंत्र्यांचा दौरा जवळ आला की आंदोलन करणाऱ्यांच्या दारात पोलीस कागद घेऊन येतात. महाराष्ट्रात हे नवीन नाही. पीकविम्यासाठी निवेदन देणारा असो, की शक्तिपीठ महामार्गासाठी होणारी जमिनीची मोजणी अडवणारा. कागद बघून घरातले म्हणतात, "कशाला त्या भानगडीत पडलास?"

आधी तो कागद नीट वाचा.

बहुतेक वेळा ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 168 ची नोटीस असते. पूर्वीच्या कायद्यात हीच 149 ची नोटीस होती. ती म्हणजे अटक नव्हे. तुमच्यावर गुन्हा दाखल झाला, असंही नव्हे. "मिळाली" एवढंच लिहा, तारीख टाका, सही करा आणि तुमची प्रत जपून ठेवा. कोऱ्या कागदावर मात्र कुणीही सांगितलं तरी सही करू नका.

कधी नुसता फोन येतो. "साहेबांनी बोलावलंय, पाच मिनिटं येऊन जा." माणूस सकाळी जातो आणि दिवे लागले तरी घरी येत नाही. विचारलं तर कळतं, "बसवून ठेवलंय." साक्षीदार म्हणून बोलवायचं तर लेखी आदेश लागतो. तो नम्रपणे मागा. बाई, साठीच्या वरचा माणूस, पंधरा वर्षांच्या आतला मुलगा, आजारी किंवा अपंग माणूस यांचा जबाब त्यांच्या घरीच घ्यावा लागतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आजच सांगून ठेवा.

नोटीस आरोपी म्हणून आली असेल, तर ठरल्या दिवशी हजर राहाच. नाही गेलात तर अटक होऊ शकते. एकटे जाऊ नका, आणि कुठल्या ठाण्यात निघालात ते घरी सांगून जा.

अटक झालीच, तर हुज्जत घालू नका. पोलीसही आपल्याच गावांतली पोरं आहेत. पण कारण लेखी मागा. ते तुम्हाला समजेल अशा भाषेत द्यावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितलं आहे. घरच्यांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत न्यायाधीशांपुढे उभं करावं लागतं.

घराची झडती घ्यायला आले तर पंच लागतात आणि चित्रीकरणही करावं लागतं. फोन नेला तर पंचनाम्यात त्याची नोंद झाली का ते बघा. जप्त वस्तूंच्या यादीची प्रत घ्या. फोनचा पासवर्ड मागितला तर "वकिलाला विचारून सांगतो" म्हणा.

हे इतकं बारकाईनं सांगायला कारण आहे. निजामाच्या राज्यात आपल्या धाराशिव जिल्ह्यात सभा घ्यायची तरी आधी परवानगी लागे. तशी सक्ती करणाऱ्या गश्ती निशाण 53 या हुकमाचा धाक होता. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ पुढे याच जुलमाविरुद्ध लढले आणि तुरुंगात गेले. आज राज्यघटना आहे, म्हणून आपण निवेदन घेऊन कलेक्टर कचेरीसमोर बसू शकतो.

दुसरं कारण ताजं आहे. 10 जुलै 2025 रोजी विधानसभेने जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. कडव्या डाव्या संघटनांसाठी ते आहे, असं सरकार म्हणतं. पण संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार त्यात सरकारच्याच हाती आहे. ती तशी ठरली, तर नुसत्या सभासदालाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एवढी सत्ता कोणत्याही पक्षाच्या सरकारकडे असू नये, असं मला वाटतं. म्हणून वर्गणी देताना पावती घ्या. सभासद होताना संघटनेची माहिती घ्या. पण भीतीपोटी आपल्या शेतकरी संघटनेतून किंवा बचत गटातून नाव काढून घेऊ नका.

वकिलाला पैसे नसतील तर धाराशिवच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, कमी उत्पन्नाची कुटुंबं आणि कोठडीतला कुणीही, यांना तिथे वकील फुकट मिळतो. 15100 हा त्यांचा नंबर आहे. घरातल्या प्रत्येक फोनमध्ये तो आजच घालून ठेवा, आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी चुलीजवळच्या भिंतीवर लिहा.