ऐकून घेण्याची विद्या

स्त्री आणि पुरुष यांच्या बोलण्याची जातच निराळी, सबब त्यांनी एकमेकांस समजून घेणे स्वभावतःच कठीण, असे मत पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. पुरुष मुद्द्याचे बोलतो, स्त्री मनातले बोलते. पुरुष तोडगा सांगतो, स्त्रीस सहानुभूती हवी असते. तेव्हा दोष कोणाचाच नाही, असा या मताचा सारांश होय. हे मत सोयीचे आहे खरे. परंतु जो अडसर माणसांच्या हातांनी घातला गेला, तो निसर्गाच्या माथी मारणे कितपत योग्य, याचा विचार सुज्ञ वाचकांनी अवश्य करावा.

प्रथम आपल्या भाषेकडेच पाहू. मराठीत ‘मी जातो’ किंवा ‘मी जाते’ एवढे म्हणताच बोलणारा पुरुष की स्त्री हे उघड होते. इंग्रजीत तसे होत नाही. यावरून भाषेनेच दोघांत भिंत उभारली, असे कोणी म्हणेल. पण हीच मराठी ‘मी पत्र लिहिले’ या वाक्यात दोघांस एकच क्रियापद देते. तेथे कर्ता कोण याची विचारपूसही करीत नाही. शिवाय कोल्हापूरकडील पुष्कळ स्त्रिया ‘मी येतो’, ‘मी जातो’ असेच बोलतात. म्हणून त्यांचे म्हणणे घरात अधिक मानले जाते, असे काही दिसत नाही. तात्पर्य, अडसर व्याकरणात नाही. तो रूढीत शोधला पाहिजे.

ती रूढी आपणां सर्वांच्या घरची आहे. पत्नीने पतीचे नाव उच्चारू नये, हा दंडक महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालला. शहरांतील जुन्या घरांत ‘इकडून’, ‘तिकडे’, ‘स्वारी’ असे आडमार्गाचे शब्द चालत. खेड्यापाड्यांतून आजही ‘मालक’, ‘धनी’, ‘कारभारी’ हे शब्द कानी पडतात. वर्षातून एखादे वेळी उखाण्यात नाव घेण्याची मोकळीक, आणि तीही चारचौघींनी आग्रह केल्यावर! पतीने मात्र पत्नीस नावाने हाक मारावी. इतकेच नव्हे, विवाहसमयी तिचे नावही बदलावे. ज्याचे नावही उच्चारण्याची चोरी, त्यापाशी मनातील शंका, भीती वा मतभेद मोकळेपणाने बोलावा कसा?

याचे मोल किती मोठे असते, हे रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांच्या चरित्रांत दिसते. टिळक थोर कवी, शब्दांवर त्यांचे विलक्षण प्रभुत्व. तथापि १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा तो निर्णय पत्नीसह विचार करून घेतलेला नव्हता. परिणाम असा झाला की, सुमारे पाच वर्षे दोघांस वेगळे राहावे लागले, व लक्ष्मीबाईंनी अपार दुःख सोसले. पुढे दोघे एकत्र आली, आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. रीतसर शालेय शिक्षण न मिळालेल्या याच बाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली, आणि आज मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत त्यांची गणना होते. सांगण्याजोगे त्यांच्यापाशी किती होते आणि ते किती सरळ व खेळकर रीतीने त्यांना सांगता येत होते, हे त्या पुस्तकाच्या पानोपानी दिसते. तेव्हा स्त्रीस मुद्द्याचे बोलता येत नाही, हा आक्षेप टिकत नाही.

ज्या लाखो स्त्रियांच्या हाती लेखणी आली नाही, त्या तरी मुक्या कोठे होत्या? पहाटेच्या अंधारात त्या जात्याशी बोलत. सासरचा जाच, माहेरची ओढ, लेकरांचे कौतुक, देवाशी केलेले भांडण, हे सर्व त्यांनी ओवीत घातले. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील गावोगावी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. आपल्या मराठवाड्यातील माजलगावच्या स्त्रियांनी गायिलेल्या, डॉक्टर आंबेडकरांविषयीच्या ओव्याही त्यांत आहेत. एवढे सांगणे दगडापाशी सांगितले गेले, कारण घरातील माणसांस ते ऐकण्याची सवड नव्हती. पुढे विजेची गिरणी आली, जाते थांबले, श्रम वाचले हे उत्तम झाले; पण जे जात्याने ऐकले, ते ऐकण्यास घरातील माणूस पुढे आला की नाही, हा प्रश्न उरलाच.

कायद्याने आपले काम थोडेबहुत केले आहे. ग्रामपंचायतीत स्त्रियांसाठी १९९३ पासून एकतृतीयांश, व महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा राखीव आहेत. ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा भरवावी, असाही नियम आहे. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या नावापुढे आधी आईचे व मग वडिलांचे नाव लिहावे, असे राज्य शासनाने ठरविले. ज्या घरात एकेकाळी नाव घेण्याची बंदी, त्याच घरच्या दाखल्यावर आईचे नाव आले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु खुर्ची सरपंच बाईंची आणि बोलणारे त्यांचे यजमान, असा प्रकारही आपण पाहतो; ‘सरपंचपती’ हा नवा शब्द त्यातूनच मराठीत आला. कायदा जागा देऊ शकतो. कान देऊ शकत नाही.

येथे सारा दोष पुरुषांचाच, असे म्हणणे अन्यायाचे होईल. न्यायमूर्ती रानडे आपल्या पत्नी रमाबाई यांस शिकवू लागले, तेव्हा त्यांना टोचून बोलणाऱ्या घरातील स्त्रियाच होत्या, हे रमाबाईंनी १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत नमूद केले आहे. शिवाय ही रूढी मुलग्यांसही मुके करते. ‘मुलीसारखा रडतोस काय?’ या एका वाक्याने किती मुलग्यांनी आपले दुःख गिळले असेल! पुढे असाच मुलगा गृहस्थ होतो, आणि घरच्यांशी बोलण्यास त्याजपाशी आज्ञा व मौन याखेरीज तिसरे काही उरत नाही.

विद्यार्थिमित्रांनो आणि भगिनींनो, आपल्या या छत्रपती संभाजीनगरात मुलेमुली एका वर्गात शिकणाऱ्या शाळा आता थोड्या नाहीत. तथापि एका बाकावर बसल्याने संवाद साधतोच असे नाही. वर्गात मुलगी हळू आवाजात उत्तर देते, तेच उत्तर मागील बाकावरचा मुलगा मोठ्याने सांगतो, आणि शाबासकी त्यास मिळते. पालकसभेस आलेली आई ‘ह्यांना विचारून सांगते’ म्हणते. वडील आले तर तेथल्या तेथे सही करून मोकळे होतात. या गोष्टी क्षुल्लक वाटतात. परंतु उद्याची घरे याच वळणावर घडतात.

म्हणून तीन लहान सवयी आजपासून लावून घ्याव्या, अशी विनंती आहे. बहीण बोलत असता तिचे वाक्य पुरे होऊ द्यावे. ‘तुला काय कळते?’ हा प्रश्न घरातून कायमचा हद्दपार करावा. आणि रात्री जेवताना आईस दिवसभराचे वर्तमान विचारून, ती सांगेल ते शेवटपर्यंत ऐकावे. मुलींनी आपले मत पूर्ण वाक्यात, स्पष्ट आवाजात मांडावे; ‘मला आपले असे वाटते’ म्हणत माघार घेऊ नये. वक्तृत्वाची पारितोषिके प्रत्येक शाळा देते. ऐकून घेण्याच्या विद्येस पारितोषिक नाही, पण जिच्या अभावी घरे मुकी होतात अशी विद्या हीच होय.